संजयची झोप

१

हो, मी गांजा लावला. चार झाडं, बेसमेंटमध्ये, कायद्यात बसतील एवढीच. त्यात लपवायचं काय? सरकारने परवानगी दिली, रीतसर दुकानातून बी आणलं. पण कॅल्गरीतल्या आपल्या लोकांच्या तोंडाला कोण लागणार! वर्षानुवर्षं माझ्या परसातली मेथी नेली, अळू नेलं, गणपतीत माझ्याच दुधीचा हलवा वाट्या भरभरून खाल्ला, आणि हिवाळा आला तशी कुजबुज सुरू झाली: "सुनेत्राताईंनी नाही ते उद्योग आरंभलेत म्हणे." नंतर जे झालं त्यावर तर एकेकाने काय काय रचलंय. म्हणून मीच सांगते आता. ज्याला पटायचं त्याला पटेल.

भाज्या मला कोणी शिकवायच्या नाहीत. या गावात जूनमध्येही दंव पडतं, ऑगस्टमध्ये गारा झोडपतात आणि सप्टेंबरात पहिला बर्फ. तरी माझ्या मांडवाला दुधी लागतो. का लागतो? कारण बाहेर बर्फ असतानाच मी बेसमेंटमध्ये दिव्याखाली रोपं तयार करते. दिवा, ऊब, पाणी, वारा, हे सगळं माझ्या हातचा मळ आहे. गांजा म्हणजे शेवटी एक हंगामी झाडच. टोमॅटोला काय हवं ते मला कळतं, तर याचं काय विशेष?

आणि मी ते हौसेने नाही लावलं. संजयला, माझ्या नवऱ्याला, नागीण झाली. छातीच्या उजव्या अंगाला पट्टा उठला, पुरळ गेलं आणि दुखणं तेवढं मागे राहिलं. शर्टाचं कापड लागलं तरी कळवळायचा. पाइपलाइनच्या कामात आयुष्य काढलेला, उणे तीसमध्ये साइटवर उभा राहणारा माणूस, पण झोपेवाचून पार खलास झाला. डॉक्टर काय म्हणतात, तर "इट टेक्स टाइम." अहो, तुमचं काय जातं म्हणायला! गोळ्या दिल्या, तर त्या गोळ्यांनी माणूस दिवसा भिंत धरून चालायचा आणि रात्री टक्क जागा. माझ्या बाजूला बसून राहायचा, पाठ न टेकता. लग्नानंतर पहिलं वर्ष मी याच्या घोरण्यामुळे कानात कापूस घालून काढलं होतं. आधी शिट्टी, मग लांब घर्रर्र, मग कोणी नाक दाबल्यासारखा एक थांबा. आता त्या आवाजासाठी मी देवाला हात जोडत होते.

दुकानातल्या पोराने सांगितलं, या जातीने झोप लागते. मी तंबू आणला, बाहेरून काळा, आतून चंदेरी, पुढे लांब चेन असलेला. आत चार कुंड्या, वर दिवे, एक पंखा. रात्री आमचं बेसमेंट गारठतं, दिव्यांची ऊब तेव्हाच लागते. म्हणून टायमर असा लावला की त्यांचा दिवस आपल्या रात्री आणि त्यांची रात्र आपल्या दुपारी. मग बी टोचलं.

टोचताना मी बोलले. मी बोलतेच. आमच्या सांगलीच्या घरी पद्धत होती, औषधाचा पाला घ्यायचा तर झाडाला सांगायचं, कोणासाठी हवाय, काय होतंय त्याला. आई तर अडुळशाला हात जोडायची. मी एकेका कुंडीवर वाकून म्हटलं, "हे संजयसाठी. संजय वामन देवस्थळी. त्याला झोप लागत नाही. त्याची झोप तुमच्या हवाली." पूर्ण नाव सांगितलं, गोत्र तेवढं राहिलं.

२

रोपं वीतभर झाली होती. दुपारचं जेवण झालं, मी भांडी डिशवॉशरमध्ये लावत होते. हात पुसत बाहेर येते तर संजय सोफ्यावर आडवा. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, दुखऱ्या कुशीवर झोपलेला. दुखऱ्या! मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

संध्याकाळी उठला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा. "सुनेत्रा," म्हणाला, "मेल्यासारखा झोपलो गं."

"असलं बोलू नकोस," मी म्हटलं, आणि शिरा केला.

दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच. जेवण झालं की याचे डोळे जड व्हायचे, आणि काळोख पडला की उठून चहा मागायचा. रात्री मात्र जागा, पण कण्हत नाही, मजेत. टीव्ही बघायचा, जुने फोटो लावायचा. मी म्हटलं, असू दे. रात्रपाळीचे कामगार नाही का दिवसा झोपत? बरं, अजून मी एक पानसुद्धा खुडलं नव्हतं. औषध तयार व्हायच्या आधीच गुण! मी ऊर्मीला, आमच्या लेकीला, फोनवर हसत सांगितलं की मी नुसतं बी पेरलं आणि तुझे बाबा झोपायला लागले. ती दूर कोक्विटलामला असते. म्हणाली, "आई, दॅट्स प्लसीबो. बट आय विल टेक इट."

एकच गोष्ट खटकत होती. तो घोरत नव्हता.

मी त्याच्या उशाशी उभी राहून ऐकलं. काहीच नाही. छातीवरची शाल हलते की नाही तेही कळेना, मी चष्मा आणून बघितलं. हलत होती, अगदी जराशी. मग किचनमध्ये आले, भाजी चिरायला घेतली, आणि पायाशी, जमिनीतल्या हीटिंगच्या जाळीतून आवाज आला. शिट्टी. घर्रर्र. थांबा.

हसूच आलं मला. फर्नेसच्या पत्र्याच्या नळ्या सगळ्या घरभर फिरतात, वर शिंकलं तर खाली ऐकू जातं. आवाज त्यातून फिरून येत असणार. मी भाजी चिरत राहिले, बऱ्याच दिवसांनी सुखाने. फोडणी देताना मात्र मनात आलं की जो आवाज उशाशी नाही, तो फिरून कुठून येईल?

३

शैलेंद्र संजयचा ऑफिसमधला जुना मित्र. शनिवारी आला, चिनूकचं गरम वारं सुटलं होतं, बर्फ वितळून दारात चिखल. बूट काढता काढताच सुरू झाला.

"काय वहिनी, शेतकरीण होतातच, आता कुठवर मजल गेली म्हणे!"

"चहा घ्यायचाय की टोमणे मारायचेत?" मी म्हटलं. "दोन्ही एकदम मिळणार नाही."

हसला. टेबलाशी बसला. मी पोहे दिले. टायमर मी नुकताच बदलला होता, फुलं धरायला या झाडांना लांब रात्र लागते, उजेडाइतकाच काळोख. म्हणून त्यांची रात्र आता सकाळी उजाडल्यापासून संध्याकाळपर्यंत. आणि संजयही त्याच दिवसापासून न्याहारीच्या आधीच झोपायला लागला होता. हे मी जुळवून पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. पण योगायोग नावाची गोष्ट असते की नाही जगात?

"संजय खाली झोपायला लागला का?" शैलेंद्रने विचारलं. "केवढा घोरतोय!"

"खाली नाही, वर बेडरूममध्ये आहे."

"छे हो, खालूनच येतंय. थांबा, उठवतो लेकाला." आणि हा उठून जिना उतरला देखील. माझ्या घरात, मला न विचारता. त्याचं हसणं जिन्यात ऐकू आलं, मग थांबलं. बराच वेळ तो वर आला नाही. आला तो कठडा धरून.

"खाली कोणी नाहीये, वहिनी."

"मी काय सांगत होते?"

तो सरळ वर बेडरूममध्ये गेला. तिथून उतरला तेव्हा माझ्याकडे बघेना. पोहे तसेच टाकून बुटात पाय घालायला लागला.

"वहिनी, त्याच्या अंगाला... तुम्ही हात लावून बघता ना अधूनमधून?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"काही नाही. डॉक्टरला दाखवा एकदा."

असा राग आला मला! इतके दिवस माणूस तळमळत होता तेव्हा हे कुठे होते सगळे? तेव्हा नाही आठवला डॉक्टर. आता कुठे डोळ्याला डोळा लागतोय तर निघाले शहाणपण शिकवायला. मी दार जरा जोरातच लावलं. संध्याकाळपर्यंत मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर काय ते पसरलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दोघींचे फोन आले, "सहज केला" म्हणत.

शैलेंद्र गेल्यावर मी वर गेले. संजयच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. बारीक, गार. आणि त्याला वास होता, पाणी घातल्यावर तंबूतून येतो तसा ओल्या पाल्याचा.

४

मी घाबरट नाही. ऐकायचंच तर नीट ऐकू म्हणून सकाळीच खाली उतरले. बेसमेंटमध्ये फर्नेस, फ्रीझर, लोणच्याच्या बरण्या, माझ्या बियांचे डबे आणि कोपऱ्यात तंबू. छताशी असलेल्या बुटक्या खिडकीतून बाहेरच्या बर्फाचा उजेड येत होता. तंबूच्या आत मात्र काळोख. बाहेर ऊन आणि त्या काळ्या कापडाच्या पलीकडे मध्यरात्र, हे मी रोज बघत होते, पण त्या दिवशी प्रथमच बरं वाटलं नाही.

शिट्टी आली. घर्रर्र. थांबा.

पंखा असणार. पंख्याचं बेअरिंग गेलं की असाच आवाज करतं. मी पंख्याची पिन काढली. तो फिरत फिरत थांबला. फर्नेसही बंद होता.

शिट्टी. घर्रर्र. थांबा. कापडाच्या आत, माझ्या मांडीच्या उंचीवर. कोणी जमिनीवर उशी घेऊन झोपलं असतं तर जरा खालून आला असता. आमच्या पलंगाच्या उंचीवरून येत होता तो आवाज.

मी चेनला हात घातला. चेनचा पहिला करकर आवाज झाला आणि घोरणं थांबलं. जाग आल्यावर माणूस थांबतो ना, तसं. मी चेन सोडली, उभी राहिले. थोड्या वेळाने आत काहीतरी सुस्कारलं, कूस बदलल्यासारखी पानं सळसळली, आणि पुन्हा शिट्टी सुरू झाली.

मी वर आले आणि दुधाचा कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवून तो काढायचा विसरले. माझ्याच घरात, माझ्याच झाडांनी मला असं चोरासारखं उभं करावं? पाणी मी घालायचं, खत मी घालायचं, आणि माझ्या नवऱ्याची झोप यांनी कापडाआड घेऊन बसायचं! ही कुठली रीत?

५

सांगलीला शीलाला, माझ्या बहिणीला, फोन लावला. तिला घोरण्याचं नाही सांगितलं. विषय काढला तो आईच्या औषधांचा.

"अगं, झाडाला सांगायचो ना आपण, कोणासाठी म्हणून? मीही सांगितलं. बी टोचतानाच."

पलीकडे शीलाने टीव्हीचा आवाज बंद केला.

"ऐकतेयस ना?"

"टोचताना? टोचताना कशाला सांगितलंस? खुडताना सांगायचं असतं. झाड वाढलेलं असतं, त्याचं ते असतं, त्यातलं पान आपण मागून घेतो. म्हणून सांगायचं."

"आधी सांगितलं तर बिघडलं काय? मी सगळ्या भाज्यांशी बोलते."

"भाज्यांना माणसाचं नाव सांगतेस का?"

मी चिडले. "बरं, सांगितलं! मग काय होतं त्याने?"

"मला काय माहीत? आई कधी बोलली नाही. पेरताना कोणी नाव सांगतच नाही, सुनेत्रा." मग म्हणाली, "संजयराव कसे आहेत?"

"मस्त झोपतायत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आईचाही राग आला मला. काय करायचं ते शिकवलंस, काय करायचं नाही ते कोण सांगणार होतं? मी मुलगी की परकी?

६

मग मी परीक्षा घेतली. विज्ञान शिकलेय मी, नुसतं भिऊन बसणारी नाही. संध्याकाळी टायमरने दिवे लागायच्या आधी खाली जाऊन त्याची पिनच उपटली. तंबूत दिवे लागले नाहीत. वर आले आणि संजयच्या उशाशी खुर्ची घेऊन बसले.

त्याची उठायची वेळ झाली. टळली. बाहेर अंधार, शेजारच्याने ड्राइव्हवे शोव्हल करायला घेतला, फावड्याचा खरखर आवाज. मी हाक मारली. मग खांदा हलवला. मग दोन्ही खांदे. डोकं उशीवरून घरंगळलं आणि तसंच राहिलं. हात उचलला तर माझ्या हातातून पडला. मी त्याच्या गालावर चापट मारली, देवा, इतक्या वर्षांत कधी बोट लावलं नव्हतं.

धावत खाली गेले, जिन्यात पडता पडता वाचले, पिन खुपसली. तंबूच्या शिवणींतून पांढरा उजेड फुटला.

वरून आवाज आला, "चहा टाकतेस का गं?"

मी तिथेच फ्रीझरला टेकून बसले. हसत होते की रडत होते, मलाच कळेना. वर गेले तर हा गाल चोळत बसलेला. "कशाने झोंबतंय कुणास ठाऊक," म्हणाला. मी चहासाठी आलं किसायला घेतलं.

७

मार्च उजाडला आणि पानं पिवळी पडायला लागली. झाडाचा दोष नाही, हंगामी झाडाचं तसंच असतं. फुलं भरतात, दाटतात आणि झाड आपलं सगळं त्यांत ओतून खालून वाळायला लागतं. दुसऱ्या कोणत्याही वर्षी मी म्हटलं असतं, छान पिकतंय.

संजयच्या पावलांचा रंग बदलला होता. आधी नखं, मग घोटे. हात लावला की कोरडे, चुरचुरीत. चालायचा, बोलायचा, हसायचा, पण रात्रीसुद्धा अर्धाच इथे असल्यासारखा. फॅमिली डॉक्टरने रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. "ॲट लीस्ट ही इज स्लीपिंग," म्हणाला. यांना पदव्या कोण देतं?

हंगाम लांबवायचा उपाय मला माहीत होता. दिव्यांचे तास वाढवले की झाडाला वाटतं उन्हाळा परत आला, ते फुलायचं सोडून पुन्हा पालवतं. मी टायमर फिरवला. काळोख अगदी थोडा ठेवला.

दोन दिवसांत पावलांना पहिल्यासारखा रंग आला आणि दुखणं परत आलं. आधीपेक्षा दुप्पट. शर्ट फेकून दिला त्याने, उघडा, घामाघूम, सोफ्याच्या कडेला बसून राहिला. मी पाठीशी उशी ठेवायला गेले तर ओरडला. मग रडला. संजय वामन देवस्थळी रडला, तोंड वेडंवाकडं करून, लहान मुलासारखा.

"काय केलंस तू?" त्याने विचारलं. "खाली काहीतरी केलंयस."

मी सगळं सांगितलं. नाव सांगितल्याचं, आवाजाचं, टायमरचं. मला वाटलं होतं हसेल. तो ऐकत राहिला.

"मला माहीत आहे," म्हणाला. "तिथे उबदार असतं गं. पंख्याचा वारा येतो. कुठेही दुखत नाही." माझा हात धरला. "परत कर तसं. मला ती झोप दे परत."

"अरे, पण झाडं पिकली की संपतात! मग तू?"

"हे असं जागं राहून मी काय करू? तूच सांग."

काय सांगणार होते मी? तुम्ही असता तर काय सांगितलं असतंत? वर्षभर ज्याच्यासाठी पदर पसरला, ती गोष्ट हातात होती आणि तिची किंमत तोच मोजायला तयार होता. मला विचारलं का कोणी, मला परवडतं का म्हणून? मी त्याला वाट्टेल ते बोलले त्या रात्री. स्वार्थी म्हटलं. पळपुटा म्हटलं. तो ऐकत होता, कूस धरून.

सकाळी मी खाली जाऊन टायमर मागे फिरवला. दिवे विझले. वर येईपर्यंत त्याला झोप लागली होती.

८

ऊर्मी विमानाने आली. शैलेंद्रने कळवलं होतं तिला, माझ्या मागे. सामान दारात टाकून सरळ वर गेली, बाबांना बघितलं आणि जिना उतरली ती कंबर कसूनच.

"आई, व्हॉट इज गोइंग ऑन? ही इज ग्रे! यू आर ब्रीदिंग दॅट स्टफ ऑल डे, बोथ ऑफ यू. दे आर कमिंग डाउन. टुडे."

"झोपलाय तो. संध्याकाळी उठेल, तेव्हा बोल त्याच्याशी."

"नो. नाऊ. ऑर आय विल डू इट मायसेल्फ."

"तू हात लावायचा नाहीस!" मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकली. "मी लावलीत, मी काढीन. कळतं मला झाड काढायचं."

ती डोळे पुसत बाबांजवळ बसायला वर गेली. मी छाटणीची कात्री घेतली आणि खाली उतरले.

डोकं नुसतं तापलं होतं. पोरीवर, शैलेंद्रवर, डॉक्टरवर, आणि सगळ्यात जास्त त्या चार झाडांवर. मी त्यांना वाढवलं आणि त्यांनी माझ्या घरातलं माणूस नेलं, रोज थोडं थोडं. ऐन सकाळ होती, खिडकीत स्वच्छ ऊन. मी पंखा बंद केला. म्हटलं, आज घोरायचं थांबलास तरी चेन उघडणारच आहे. चेन वर ओढली. घोरणं थांबलं नाही.

आत काळोख. चेनच्या फटीतून आलेला उजेड पहिल्या कुंडीपर्यंतच पोचत होता. पानं माना टाकून लोंबत होती, झोपलेल्या झाडांची लोंबतात तशी. आणि वारा नसताना सगळी पानं एकदम जराशी वर उचलली जात, मग खाली बसत. शिट्टीबरोबर वर. घर्रर्रबरोबर खाली. त्यांच्या मागे, कुंड्यांच्या मधोमध, पानांपेक्षा दाट असं काहीतरी आडवं होतं. दुखऱ्या कुशीवर.

तिकडे मी नीट बघितलं नाही. बघायचं नव्हतं मला. मी मान वळवली आणि चाचपडत खोड शोधायला हात आत घातला, दुसऱ्या हातात कात्री उघडी.

माझ्या हातावर हात आला. गरम. कित्येक आठवड्यांत संजयचा हात इतका गरम लागला नव्हता मला. अंगठ्याच्या मुळाशी तो वेल्डिंगचा जुना डाग, मी आंधळी झाले तरी ओळखेन. त्याने माझी बोटं आपल्या छातीशी ओढली, जिथे गेलं वर्षभर कोणाला हात लावू देत नव्हता, उजव्या अंगाला, आणि तिथेच दाबून धरली. कळवळला नाही.

"उजेड नको गं करू," झोपाळलेल्या, वैतागलेल्या आवाजात म्हणाला. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

कात्री मी कधी खाली ठेवली, आठवत नाही. गुडघे टेकले. दुसऱ्या हाताने मागची चेन खाली ओढली, उजेड येत होता म्हणून.

तेवढ्यात वर ऊर्मी किंचाळली. जाळीतून, जिन्यातून, सगळ्या घरातून तिचा आवाज आला. "आई! आई, कम अप! बाबा उठत नाहीयेत! ही इज कोल्ड, आई, ही इज सो कोल्ड!" धावत्या पावलांचा धाडधाड आवाज, फोनवर कोणाला तरी पत्ता सांगणं, पुन्हा हाक.

माझ्या हाताखाली छाती वर झाली, खाली बसली. मला असा संताप आला त्या पोरीचा. इतक्या महिन्यांनी माणूस जरा निवांत पडलाय, काही समज आहे की नाही?

"ओरडू नकोस," मी काळोखातूनच दटावलं. "झोपू दे त्याला."